‘राजीनामा द्या आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑफिसात छळ होत असेल किंवा राजीनाम्यासाठी दबाव येत असेल तर घाईने राजीनामा देऊ नका, घडलेलं नोंदवहीत लिहून ठेवा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी नोकरदारांना भांडखोर बनवतोय, नको असलेला माणूस मालकाच्या गळ्यात मारतोय, आणि शहाण्याने वाद न घालता राजीनामा देऊन सन्मानाने बाहेर पडावं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. ‘वैयक्तिक कारणांमुळे राजीनामा देत आहे’ या ओळीखाली सही केली, की कागदोपत्री कोणी कोणाला काढलेलंच नसतं. माणूस आपणहून गेला. मग भरपाई कसली मागणार? मालकाच्या वागण्यामुळे द्यावा लागलेला राजीनामा ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार बडतर्फी धरता येतो, पण तसं झालं हे सिद्ध करत बसायचं राजीनामा देणाऱ्याने.

म्हणून ‘आत्ताच सही कर’ म्हणाले तरी करू नये. ‘विचार करून कळवतो’ म्हणून बाहेर यावं आणि त्याच दिवशी मेल टाकावा: ‘आज दुपारच्या भेटीत मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं. माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही. कामाबद्दल तक्रार असल्यास कृपया लेखी कळवावी.’ उत्तर नाही आलं तरी चालेल, तारीख-वेळ तर नोंदली गेली. या मेलची प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण ऑफिसचं खातं कधी बंद होईल सांगता येत नाही. (कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी पाठवू नका. त्यांना आयतं कारण मिळेल.)

नोंदवहीला तुम्ही ‘साहेबावर पाळत’ म्हणालात. ‘साहेब सतत अपमान करतात’ असं लिहून काही हाती लागत नाही, हे मलाही मान्य. पण ‘मंगळवार, सकाळी ११ ची बैठक, चौघे हजर. “लग्न झालेल्या बायकांचं काही खरं नसतं” असं म्हणून माझं काम दुसऱ्याला दिलं’ ही नोंद कामी येते. चूक काढणं, कडक शब्दांत काम मागणं म्हणजे छळ नव्हे. तसं मी लिहिलेलंही नाही.

आता ‘गळ्यात मारणं’. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, पण त्यातही माणूस काढायला बंदी नाहीच. क्षमता, वर्तन किंवा व्यवसायाची गरज, यांपैकी खरं कारण दाखवा आणि क्षमता-वर्तनाचं कारण असेल तर त्याला आधी बाजू मांडू द्या, एवढंच मागणं आहे. आणि अमेरिकेत, जिथे बहुतेक ठिकाणी कारण न देताही काढता येतं, तिथेही १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ राष्ट्रीयत्वावरून काढायला मनाई आहे. अशा भेदभावाची तक्रार केली म्हणून काढायलाही. मालकाचा हात धरलाय तो इतकाच.

‘थोडं थांबून बघावं’ हेही तुम्ही सुचवलंत. थांबा, पण मुदत माहीत करून घ्या. भारतात २०१३ च्या कायद्याखाली लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. अमेरिकेत भेदभावाची तक्रार संबंधित आयोगाकडे १८० दिवसांत, काही राज्यांत ३०० दिवसांत न्यावी लागते. साहेब सुधारतील म्हणून वाट पाहण्यात ही मुदत निघून जाते.

राहिला प्रोबेशनचा प्रश्न. त्या काळात काढणं सोपं असतं, हे खरं. म्हणून छळ चालतो असं नाही. कामाच्या जागी होणाऱ्या हिंसा आणि छळाबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचाच २०१९ चा १९० क्रमांकाचा करार तर शिकाऊ उमेदवार, नोकरीसाठी अर्ज केलेले आणि नोकरी गेलेले या सगळ्यांना धरून आहे.