टायगर यादीत काहून नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट परवाच वाचली होती पण इकडे रोवणी लागली आहे, बाया आल्या की दिवसभर बांधीवर थांबावं लागते, म्हणून उशीर झाला, राग मानू नका. तुमचं म्हणणं असं की इतिहासावर सगळ्यात जास्त परिणाम करणाऱ्या पाच रणगाड्यांच्या माझ्या यादीत दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा टायगर नाही म्हणजे मला यातलं काही कळत नाही, पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंचांच्या रेनो एफटीसारखं खेळणं एक नंबरला ठेवणं हा पोरखेळ आहे, तिरपं चिलखत रशियाच्या टी-३४ नं पहिल्यांदा आणलं हे चूक आहे, आणि भारतात राहून अमेरिकी पॅटन रणगाड्याचं नाव नाही याची लाज वाटली पाहिजे.

चिलखताचं तुमचं बरोबर आहे. फ्रेंचांच्या एफसीएम-३६ रणगाड्याला तिरप्या प्लेटा आधीच होत्या, मी घाईत 'पहिल्यांदा' लिहून गेलो, तो शब्द काढतो.

आता टायगर. ताकदीबद्दल वादच नाही. ५७ टन वजन, ८८ मिलिमीटरची तोफ, समोरचा रणगाडा लांबूनच गार. पण मी ताकदीची यादी केलीच नव्हती ना बावा, परिणामाची केली होती. आमच्या काकानं मागच्या साली असाच एक भारी हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणला, गावभर पेढे वाटले, आणि चिखलणीच्या दुसऱ्याच दिवशी तो बांधीत एक्सलपर्यंत फसला, ओढून काढताना मागचा एक पार्ट गेला, तो पार्ट यायला अकरा दिवस, शोरूमवाला फोन उचलेना, इकडे पऱ्हे पिवळे पडत चाललेले. शेवटी शेजाऱ्याचा जुना बारका ट्रॅक्टर केजव्हील (चिखलात चालायची लोखंडी चाकं) लावून आणला आणि त्यानं दोन दिवसात सगळं उरकलं. टायगरचं मला तसंच दिसते. त्याची चाकं एकात एक गुंतवलेली, रशियात त्यात चिखल भरायचा, रात्री गोठायचा, सकाळी गाडी हलेना. आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची काढा. आणि गंमत म्हणजे तो रेल्वेवर मावत नव्हता, चढवताना रुंद पट्टे काढून अरुंद घालायचे, उतरवला की परत रुंद, अगदी आपण रोडवर येताना केजव्हील काढतो तसं, फक्त इथं एकेक पट्टा टनांच्या हिशोबात. लहानपणी आमच्या फाटकावर ताडपत्री टाकलेले रणगाडे मालगाडीवरून जायचे, आम्ही पोरं शाळा सोडून मोजत बसायचो, तेव्हा काय माहीत की गाडीवर चढणं हीच अर्धी लढाई असते म्हणून.

टायगर १ बनले सगळे मिळून १,३५० च्या आत. टी-३४ युद्ध संपेपर्यंत ५० हजारांच्या वर आणि अमेरिकेचे शर्मन ४९ हजारांच्या आसपास. तुम्ही म्हणाल की टायगरच्या धाकानंच रशियानं टी-३४ वर ८५ मिलिमीटरची तोफ बसवली. हो, धाक होता, तेवढा परिणाम मान्य. पण टायगर नसता तरी जर्मनांचा दुसरा रणगाडा पँथर होताच, तोफा मोठ्या झाल्याच असत्या.

रेनो एफटीला खेळणं म्हणता ते मात्र झोंबलं. त्याच्या आधीचा इंग्रजांचा मार्क १ आठवा, सप्टेंबर १९१६ मधे सॉमच्या लढाईत उतरला तो. २८ टनाचं धूड, वर तोफेचा फिरता बुरुज नाही, तोफा दोन्ही कुशीला, आणि इंजिन मधोमध उघडं, आठ माणसं त्या धुरात आणि गरमीत कोंबलेली. (ते गुपित राहावं म्हणून कारखान्यात सांगितलं होतं की पाण्याची टाकी बनते आहे, तिथूनच टँक हे नाव. आपल्याकडे टँकर आला म्हटलं की अजून बाया हंडे घेऊनच पळतात.) आणि मग १९१८ मधे हा साडेसहा-सात टनाचा रेनो मैदानात येतो, दोन माणसं, ड्रायव्हर पुढं, वर पूर्ण गोल फिरणारा बुरुज, इंजिन मागं वेगळ्या कप्प्यात. आज कोणत्याही पोराला रणगाड्याचं चित्र काढायला सांगा, तो रेनोच काढते! अमेरिकेनं, इटलीनं, रशियानं आपापले पहिले रणगाडे त्याच्यावरूनच केले. इस्रायलच्या मर्कावाचं इंजिन पुढं आहे आणि स्वीडननं एक बिनबुरुजाचा करून पाहिला, असे मोजके सोडले तर शंभर वर्षं झाली तरी साचा तोच आहे. तुमचा टायगरही त्याच साच्यातला.

आणि ज्या जनरल पॅटनच्या नावावरून तुमचा पॅटन, तो स्वतः १९१८ मधे फ्रान्समधे याच खेळण्यांची तुकडी घेऊन लढला होता.

पॅटनचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९६५, पाकिस्तानशी युद्ध, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावची लढाई. पाकिस्तानकडे नवे पॅटन, आपल्याकडे सेंच्युरियन, दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि हलके एएमएक्स. आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, ऊस उभा होता, त्यात पॅटन फसले आणि तीन बाजूंनी मार खाल्ला. आपले हवालदार अब्दुल हमीद तर जीपवरची तोफ घेऊन त्यांना भिडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आता यात परिणाम पॅटनचा की ओल्या वावराचा, तुम्हीच सांगा. मी वावराला मार्क देतो, रोज त्याच्याशीच गाठ आहे.

खरी चूक माझी वेगळीच होती आणि ती तुमच्याही नजरेतून सुटली. रशियाचा टी-५४/५५. जगात याच्याइतका दुसरा कोणता रणगाडा बनला नाही. १९५६ मधे बुडापेस्टमधे इंग्रजांना तो जवळून पाहायला मिळाला आणि त्याला पुरं पडायचं म्हणून त्यांनी १०५ मिलिमीटरची एल-७ तोफ आणली, मग तीच तोफ सेंच्युरियनवर, जर्मनीच्या लेपर्डवर, अमेरिकेच्या एम-६० वर, आपल्या चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात बनलेल्या विजयंता रणगाड्यावर. तो यादीत नाही हे तुम्ही लिहिलं असतं तर मी निमूट ऐकलं असतं. आता त्याला घ्यायचा तर शर्मन काढावा लागते आणि शर्मन काढायला जीव होत नाही, म्हणून पाचाचे सहा करतो, आज रात्री लाईट राहिली तर.