विकलास?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, वेळ नसेल तर पुढे सरका.

काल रात्री भाच्याने घरच्या ग्रुपवर सांगितलं की तो कंपनी विकतोय. सोसायट्यांच्या मेंटेनन्सची बिलं काढायचं सॉफ्टवेअर, सहा वर्षं राबून उभं केलेलं. चांगला भाव आला, हो म्हणाला. त्यावर ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचून कुणाला वाटावं, पोराने आईचं मंगळसूत्र मोडलं. "विकलास?" "एवढी काय घाई होती?" आणि आज सकाळी माझ्या मधल्या भावाने त्याला एक रील पाठवलं. अमेरिकन उद्योजक मार्क क्यूबनचं. बाराव्या वर्षी बुटांच्या पैशांसाठी दारोदार कचऱ्याच्या पिशव्या विकणारा पोरगा, आज अब्जाधीश. खाली भावाची टीप : "याला म्हणतात चिकाटी. शिक काहीतरी."

अरे, मार्क क्यूबन? हाच सापडला? त्या माणसाने जन्मभर केलं काय, तर विकलं!

डॅलसमधल्या सॉफ्टवेअरच्या दुकानातून त्याला काढून टाकलं, मग त्याने मायक्रोसोल्युशन्स काढली. १९९० मध्ये ती कॉम्प्युसर्व्हला साठ लाख डॉलरला विकली. पुढे टॉड वॅग्नरबरोबर इंटरनेटवरून सामन्यांचं समालोचन ऐकवायचा उद्योग, कारण या दोघांना डॅलसमध्ये बसून आपल्या इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या मॅचेस ऐकायच्या होत्या. तीच ब्रॉडकास्ट डॉट कॉम. १९९९ मध्ये याहूने ती ५.७ अब्ज डॉलरला घेतली. रोख नाही, याहूचे शेअर देऊन. आणि रीलवाले पुढचं कधीच सांगत नाहीत. भाव पडला तरी ठरलेल्या किमतीला विकता येईल, अशी सोय त्याने बाजारात करून ठेवली, आणि त्या बदल्यात शेअर फार वर गेला तर त्या जादा नफ्यावर पाणी सोडलं. मग याहू कोसळला. कागदावर करोडपती झालेली कितीतरी माणसं रस्त्यावर आली, हा शाबूत राहिला. "आता पुरे" म्हणता येणं, त्याच्या श्रीमंतीचं खरं कारण हे. पिशव्या गेल्या खड्ड्यात.

आमच्या बाबांना ते म्हणता आलं नाही.

साताऱ्यातला आमचा छापखाना जुन्या मित्रांना आठवत असेल. ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, अक्षरांचे शिशाचे खिळे, ते जुळवणारे दोन जुळारी, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. १९९४ मध्ये पुण्याहून एक गृहस्थ आले. यंत्रं, माणसं, गिऱ्हाईक, सगळ्यासकट घ्यायला तयार होते. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पोटचं पोर कुणी विकतं का?" ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले.

क्यूबनला नशिबाने साथ दिली, मान्य. प्रत्येकाच्या दारात याहू येत नाही. ज्यांनी त्याच्याकडून ती कंपनी घेतली त्यांनी दोन-तीन वर्षांत गुंडाळली, हेही खरंच. पण आमच्या दारात आमच्यापुरता याहू आला होता ना? चहा पिऊन गेला!

आणि गंमत बघा. हाच मधला भाऊ रात्री जेवताना आपल्याकडचं शार्क टँक लावून बसतो. क्यूबन अमेरिकेतल्या शार्क टँकमध्ये २०११ पासून २०२५ पर्यंत होता. तिथे येणारा माणूस काय करायला येतो? धंद्याचा तुकडा विकायलाच ना? टीव्हीवर विकला की टाळ्या, घरात विकला की सुतक.

डीटीपी आलं, ऑफसेट आलं, गिऱ्हाईक एकेक करत सुटलं. २००३ मध्ये भंगारवाला आला. खिळे पोत्यात भरून काट्यावर चढवले, किलोच्या भावाने. दर दसऱ्याला झेंडूचा हार घालायचो ती ट्रेडल टेम्पोत चढवताना बाबा आतल्या खोलीत गेले, बाहेर आलेच नाहीत. भाव मी केला. मधला भाऊ तेव्हा काट्याजवळ माझ्या शेजारीच उभा होता. विसरला बहुतेक.

आता एवढं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय, तर तेही लिहिते. विकताना तुटतं आतून, क्यूबनचंही तुटलं असणार. डॅलस मॅव्हरिक्स ही बास्केटबॉलची टीम त्याने २००० मध्ये २८.५ कोटी डॉलरला घेतली, २०११ साली तिने अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा हा लहान पोरासारखा नाचत होता. २०२३ च्या शेवटी मोठा हिस्सा त्याने विकला. सव्वा वर्ष झालं नाही तोच नव्या मालकांच्या राज्यात टीमचा हुकमी खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या टीमला देऊन टाकला गेला, आणि हा ते थांबवू शकला नाही. विकल्यावर शब्द चालत नाही, हे बाबांना कळत होतं. आणि त्या दिवशी पुण्याचे गृहस्थ गेल्यावर मला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता! चोवीस वर्षांची होते. कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटले होते.

भाच्याने मघाशी फोन केला. "आत्या, तुलाही वाटतं का मी चुकलो?" आवाज बसलेला. पोराने सहा वर्षं रविवार पाहिला नाही आणि आमच्यापैकी एकालाही "दमलास का?" विचारायचं सुचलं नाही. मलाही नाही.

रविवारी येतोय तो. कंदी पेढे मी आणणार आहे, एक किलो. मधला भाऊ आला तर त्यालाही मिळतील.