ड्रॅग सैल करून ठेवा

लेखात बास माशासाठी रॉड-रीळ (गळाची काठी आणि दोरी गुंडाळायची चकरी) निवडण्याबद्दल छान लिहिलंय, पण सामान ठेवायचं कसं हे एका ओळीत उरकलंय. मी तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवच्या बाजूला मरळ धरतो. बास आपल्या तापीत नाही, पण मरळही तशीच गवतात दबा धरून बसते, म्हणून सामान जवळपास तेच: कडक रॉड, वेणीची दोरी, आमिषाला रबरी बेडूक.

मागच्या उन्हाळ्यात माझं रीळ ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा रिळातला ब्रेक) आवळलेलंच दोन महिने पत्र्याच्या खोलीत पडून राहिलं. पहिल्याच मोठ्या मरळीने ओढ घेतली, दोरी सुटेचना, गाठीपाशी तुटली. फार हळहळलो. उघडून पाहिलं तर आतल्या फेल्टच्या चकत्या दबून चपट्या झालेल्या, ग्रीस वाळून काळं. घरी आलं की ड्रॅग सैल सोडा भाऊ, एवढं तरी कराच. तापीचा गाळ फार बारीक. रीळ ओल्या फडक्याने पुसा, नळाची धार जोरात मारली तर गाळ आत जातो. गळाचं टोक नखावर टेकवा, घसरलं तर कानस फिरवा.

आणि होडीत लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली घेऊन बसू नका.