‘७७७ मार, विषय संपला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली वर्कशॉप असोत की शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्री, जिथे जिथे कोपऱ्यात एखादा लिनक्स सर्व्हर चालू आहे, तिथल्या सपोर्टवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर एक टीप फिरतेय. मजकूर साधारण असा: "भावा, एमकेडिरला -एम लावत बसू नको, यूमास्क तो खातोच. साधा फोल्डर कर आणि वरून सीएचमॉड -आर ७७७ मार, विषय संपला. लावायचाच असेल तर -पी बरोबर लाव, आतल्या सगळ्या फोल्डरना एकदम लागतो. आणि आपलं आतलं नेटवर्क आहे, बाहेरचा कोण येतोय?"

नवख्यांसाठी: 'एमकेडिर' ही फोल्डर बनवायची कमांड, -एम ने त्याचा मोड म्हणजे परवानग्यांचा आकडा देता येतो, -पी ने मधले नसलेले फोल्डरही बनतात. 'सीएचमॉड' नंतर परवानगी बदलते, मोठा -आर लावला की आतल्या सगळ्याची. आकड्यातले तीन अंक मालक, ग्रुप आणि इतर यांचे; ४ वाचणं, २ लिहिणं, १ चालवणं किंवा फोल्डरमध्ये शिरणं, म्हणून ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. 'यूमास्क' म्हणजे नवं काही बनताना परवानगीतून आपोआप वगळले जाणारे बिट.

टीपमधला एकही दावा टिकत नाही. क्लासमधून नुकती बाहेर पडलेली पोरं कामाची सुरुवातच या टीपवरून करतात आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो, म्हणून एकेक दावा घेतो.

पहिला, यूमास्क -एम खातो. खात नाही. यूमास्क ०२२ असताना 'एमकेडिर कोटेशन' केलं तर फोल्डर ७५५ होतो, कारण पूर्ण ७७७ मधून ०२२ चे बिट वगळले जातात. पण 'एमकेडिर -एम ७७० कोटेशन' केलं की बरोबर ७७० मिळतो, यूमास्क काहीही असो. पटत नसेल तर फोल्डरची माहिती दाखवणारी 'स्टॅट' कमांड चालवून आकडा बघा. हा गैरसमज बहुतेक पायथॉनमुळे झालाय. तिथल्या ओएस मॉड्यूलच्या एमकेडिरला ७७७ दिला तरी यूमास्क लागतो आणि हातात ७५५ येतो. तो थेट सिस्टिम कॉल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे (कर्नलकडे) केलेली मागणी आहे आणि कर्नल यूमास्क लावतोच. कमांड मात्र तुम्ही मागितलेला मोड शेवटी तंतोतंत बसवून देते. नाव एक असलं तरी दोघांची वागणूक वेगळी आहे.

दुसरा, आधी फोल्डर करून मग सीएचमॉड केलं काय आणि -एम दिला काय, एकच. मध्ये एक क्षण उघडा राहतो, त्यामुळे एकच नाही. जुन्या युनिक्समध्ये फोल्डर बनवायला स्वतंत्र सिस्टिम कॉलच नव्हता. एमकेडिर ही कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या अधिकाराने चालायची आणि टप्प्याटप्प्याने काम करायची. त्या टप्प्यांच्या मधल्या फटीत घुसून दुसऱ्याच फाइलची मालकी पळवता यायची. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये एमकेडिर हा सिस्टिम कॉल आला आणि परवानगी त्याला सुरुवातीलाच सांगायची सोय झाली. आज आपण स्क्रिप्टमध्ये दोन ओळी लिहून लहान प्रमाणात तीच फट परत उघडतो. परवानगी तपासली जाते ती फोल्डर उघडताना. दोन ओळींमधल्या त्या क्षणात एखाद्या प्रोसेसने फोल्डर उघडून धरला, तर नंतर तुम्ही ७०० केलात तरी आतल्या नावांची यादी तिला वाचता येते.

आणि ७७७ ने 'सगळं चालतं' हेही खोटं. होम फोल्डर किंवा त्यातला एसएसएचचा फोल्डर ७७७ केलात, तर एसएसएच सर्व्हर (दुरून लॉगिन करू देणारा) नेहमीच्या सेटिंगमध्ये तुमची लॉगिनची की नाकारतो. अपाची वेब सर्व्हरचा, स्क्रिप्ट दुसऱ्या युजरच्या नावाने चालवणारा एसयूएक्झेक इतरांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवतच नाही. चालू असलेलं बंद पडतं, आणि मग पोरगा दुपारभर नेटवर्क तपासत बसतो.

तिसरा दावा सगळ्यात फसवा, कारण कमांड एररही देत नाही. 'एमकेडिर -पी -एम ७०० कोटेशन/२०२५/पंप' चालवा आणि तिन्ही फोल्डर तपासा. ७०० फक्त 'पंप'. 'कोटेशन' आणि '२०२५' यूमास्कप्रमाणे ७५५. म्हणजे या दोन पातळ्यांवर गिऱ्हाइकांच्या नावाने फोल्डर असतील, तर ती नावं सर्व्हरवरच्या प्रत्येकाला यादी काढून वाचता येतात. फौंड्रीच्या धंद्यात दर सोडाच, गिऱ्हाइकाचं नाव कळलं तरी पुरतं. याहून वाईट म्हणजे 'पंप' आधीपासून असेल तर -एम त्याला हातही लावत नाही. कमांड गुपचूप यशस्वी होते, जुना ७७७ तसाच राहतो. तिन्ही पातळ्या बंद हव्या असतील तर कंसात, म्हणजे सबशेलमध्ये (तात्पुरत्या वेगळ्या शेलमध्ये), आधी 'यूमास्क ०७७' आणि मग 'एमकेडिर -पी' चालवा. कंस संपला की तुमचा मूळ यूमास्क जागेवर. पायथॉनमध्येसुद्धा ३.७ पासून मेकडिर्सचा (मधल्या फोल्डरसकट बनवणाऱ्या फंक्शनचा) मोड मधल्या फोल्डरना लागत नाही, तेव्हा जुन्या स्क्रिप्ट एकदा उघडून बघा.

आता आतल्या नेटवर्कचा मुद्दा. इथे मला खरोखर कळकळीने सांगायचंय. परवानग्या फक्त बाहेरच्या चोरासाठी नसतात. फाइल पुसायला त्या फाइलवर लिहिण्याचा हक्क लागत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लागतो. पंप केसिंगचं मंजूर झालेलं ड्रॉइंग तुम्ही ४४४ करून ठेवलंत, मालकी ड्राफ्ट्समनची. फोल्डर ७७७ असेल तर शॉप फ्लोअरच्या पीसीवरचा कुठलाही युजर ते पुसून त्याच नावाने दुसरी फाइल ठेवू शकतो. पॅटर्नमेकरला नाव तेच दिसतं, माप वेगळं. बदललेल्या मापाने ओतलेलं कास्टिंग परत भट्टीतच जातं. हे करायला वाईट हेतू लागत नाही. चुकीच्या फोल्डरवर चाललेली बॅकअप स्क्रिप्ट पुरते, किंवा एका पीसीत शिरलेला, फाइली लॉक करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर. ज्या युजरने तो चालू झाला, त्याला लिहिता येईल तेवढं तो लॉक करतो. ७७७ म्हणजे सगळंच.

टीप लिहिणाऱ्याची अडचण मात्र खरी आहे. चार जणांना एकाच फोल्डरमध्ये काम करायचं असतं आणि 'परमिशन डिनाइड' येत राहतं. त्याला नुसता -एमही पुरत नाही, कारण नवा फोल्डर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपचा होतो. इथे 'इन्स्टॉल' कमांड कामाची. आधी ड्रॉइंगवाल्यांचा एक ग्रुप करा, मग रूट म्हणून 'इन्स्टॉल -डी -जी ड्रॉइंग -एम २७७० कास्टिंग'. मालकीचा ग्रुप आणि मोड एकाच ओळीत बसतात. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत बनणारी प्रत्येक फाइल त्याच ग्रुपची होते आणि आतले नवे फोल्डरही तो बिट घेतात. फक्त मधल्या फोल्डरबाबत तीच काळजी इथेही घ्या, -एम त्यांना लागत नाही. वापरणाऱ्यांचा यूमास्क ०२२ राहिला तर फाइल ६४४ होईल आणि सहकाऱ्याला वाचता येईल पण लिहिता येणार नाही. म्हणून यूमास्क ००७ करा, किंवा सेटएफएसीएल कमांडने फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (आत बनणाऱ्या फाइलींना लागणारी परवान्यांची यादी) लावा.

ज्यांनी आधीच -आर ७७७ मारलंय, त्यांनी आधी 'सीएचजीआरपी -आर' ने सगळं त्या ग्रुपच्या नावावर करा. मोड सुधारताना सीएचमॉडच्या मोठ्या एक्सच्या भरवशावर राहू नका. तो एक्झिक्यूट बिट फोल्डरला आणि आधीच तो बिट असलेल्या फाइलला देतो, आणि तुमच्या तर प्रत्येक ड्रॉइंगवर तो बसलाय. 'फाइंड' ने दोन फेऱ्या करा: टाइप डी (फोल्डर) शोधून त्यांना २७७०, टाइप एफ (फाइल) शोधून त्यांना ६६०. चालवायच्या स्क्रिप्ट असतील तेवढ्या नंतर हाताने ७७० करा.