रोबोला माणूस कॉमिक्सनं केलं नाही

आमच्या शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज तीनदा आला. आधी पुण्याला स्थायिक झालेल्या मित्राकडून, मग निपाणीहून, आणि तिसऱ्यांदा थेट आमच्या सरांकडून. सरांनीच टाकला म्हटल्यावर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. सोबत चित्र होतं: डोळ्यांतून पाणी गाळणारा रोबो, त्याच्या मांडीवर एक मूल, आणि मुलाच्या डाव्या हाताला सहा बोटं. यंत्राच्या विरोधातला मेसेज सजवायला यंत्रालाच बसवलं होतं. असो.

मजकूर थोडक्यात असा. एक, रोबो हे मुळात लोखंडी यंत्र. त्याला हसायला-रडायला लावलं ते कॉमिक्सवाल्यांनी. दोन, ही पाश्चात्त्यांची टूम, आपल्या परंपरेत असलं काही नव्हतं. तीन, यंत्राला भावना चिकटवणं ही आळशी लेखकांची युक्ती, म्हणून या सगळ्या गोष्टी एकसारख्या. चार, खऱ्या रोबोत ‘तीन नियम’ बसवलेले असतात, तो माणसाला इजा करूच शकत नाही. कॉमिक्स मुलांना उगाच घाबरवतात. पाच, असली कॉमिक्स वाचून वाढलेली पिढीच आज मोबाइलमधल्या चॅटबॉटला मित्र मानून बसली आहे.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे वेल्डिंगचा रोबो आहे. आणि रद्दीच्या दुकानातून पाव किमतीत आणलेल्या इंद्रजालपासून मी कॉमिक्सही वाचत आलोय. त्यामुळे विषय दोन्हीकडून घरचाच. सरांचा मान राखून, पण क्रम मोडून, चौथ्या मुद्द्यापासून सुरू करतो. बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा एक धोक्याचा आहे.

ते तीन नियम आयझॅक असिमोव्ह या लेखकानं १९४२ साली छापून आलेल्या एका कथेत पहिल्यांदा स्पष्ट मांडले. कथेत. रोबोनं माणसाला इजा करू नये, होऊ देऊ नये. ते सांभाळून माणसाचं ऐकावं. आणि ही दोन्ही सांभाळून स्वतःला जपावं. गंमत अशी की त्याच्या रोबोकथांचं बरंचसं कोडं हे नियमच कसे गोत्यात आणतात यावर उभं आहे. कारखान्यातल्या रोबोत ते बसवलेले नसतात. बसवणार कसे? आमच्या रोबोला ‘माणूस’ म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहेत बिंदू: इथून तिथवर, या वेगानं, या कोनात. मध्ये पाइप आला काय नि कुणाचा हात आला काय, त्याला सारखंच.

मग आम्ही सुरक्षित राहतो कशामुळे? भोवतीच्या जाळीमुळे. जाळीचं दार उघडलं की रोबो जागच्या जागी थांबतो. पण त्याला नवं काम शिकवायला आत जावंच लागतं, तेव्हा हातात टीच पेंडंट, म्हणजे रोबोला हलवायचा रिमोट, असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला एक कळ. ही कळ तीन टप्प्यांची. सोडून दिली की रोबो बंद. अर्धी दाबून धरली तरच हलतो. पूर्ण आवळली की पुन्हा बंद. खानापूरकडचा एक नवा पोरगा मला म्हणाला, “अण्णा, दाबल्यावर चालू हुतंय, मग जोरात दाबल्यावर बंद कशाला हुतंय?” मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं मागून जाऊन त्याच्या खांद्यावर अचानक थाप मारली. पोरानं दचकून मूठ आवळली आणि रोबो थांबला. “कळलं?” “कळलं की.” घाबरलेला माणूस एकतर हातातलं टाकतो, नाहीतर घट्ट आवळतो. ज्या कुणी ही कळ काढली त्यानं माणूस नीट पाहिलेला होता. खरा नियम असेल तर तो हा, आणि तो रोबोच्या मनात नाही, आमच्या मुठीत आहे.

आणि इजेचं म्हणाल तर २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत, मिशिगन राज्यात, मोटारीच्या एका कारखान्याच्या ओतकाम विभागात, रॅकमधून भाग काढायला चढलेल्या कामगाराच्या डोक्याला रोबोच्या हाताचा फटका बसला आणि तो जागीच गेला. वय २५. रोबोला राग आला नव्हता, तो उलटलाही नव्हता. कुणी मध्ये आलंय हे त्याला कळलंच नव्हतं. कॉमिक्समधला डोळे लाल करणारा रोबो निदान समोरच्याकडे बघतो तरी.

ती तारीख माझ्या लक्षात राहिली त्याला कारण आहे, आणि त्यावरून पहिल्या मुद्द्याकडे जाता येतं. २५ जानेवारीलाच, पण १९२१ साली, प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाचा पडदा उघडला. रोबो हा शब्द जगाला मिळाला तो या नाटकातून. शब्द सुचवला कारेलच्या चित्रकार भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतात कुळांना फुकट राबावं लागे ते काम. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे: वेठ.

आता हे नाटकातले रोबो लोखंडाचे होते का? मुळीच नाही. कारखान्यात कुंडांत मळलेल्या लगद्यापासून ते बनवलेले, मज्जातंतू नि शिरा कापडगिरणीत सूत कातावं तशा कातलेल्या. दिसायला हुबेहूब माणूस. ते राबतात, मग उठाव करतात आणि माणसं संपवतात. एकालाच जिवंत ठेवतात, आल्क्विस्टला. का, तर तो त्यांच्यासारखाच हातानं काम करतो म्हणून. शॉप फ्लोअरवर दिवस काढलेल्या माणसानं ही जागा वाचून बघावी. म्हणजे आधी माणसासारखा रोबो आला, त्याच्या अंगावर पत्रा नंतर चढला. कॉमिक्सनं फार तर त्याला रंगीत केलं. १९३९ साली आलेला, हवेतला प्राणवायू लागताच पेट घेणारा पहिला ‘ह्यूमन टॉर्च’ हासुद्धा प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम माणूसच होता.

आपल्या भाषेनं तर याची नोंद शब्दातच करून ठेवलीय: यंत्रमानव. कन्नडमध्येही हाच शब्द, ‘यंत्रमानव’. पाट्यांवरून इतकी वर्षं भांडणाऱ्या आमच्या भागात हा एक शब्द कुणाला बदलावा लागणार नाही.

दुसरा मुद्दा, परंपरेचा. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त राजपुत्र नरवाहनदत्त एका नगरीत शिरतो. बाजारात दुकानदार आहेत, बायका आहेत, सगळे हलताहेत, पण नगरीत चकार शब्द नाही, कारण सगळे लाकडाचे. ते घडवणारा एकटा सुतार आत सिंहासनावर बसलेला. त्याच सुताराचा भाऊ दोरीला बांधलेले लाकडी राजहंस कांचीच्या राजाच्या खजिन्यात सोडून दागिने पळवायचा. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर आख्खा अध्याय आहे, त्यात नाचणाऱ्या नि दारावर राखण करणाऱ्या लाकडी बाहुल्या आहेत. आणि याच भोजाला ‘सिंहासनबत्तीशी’त बत्तीस पुतळ्या एकेक करून अडवतात: तू विक्रमासारखा आहेस का, मग बसायचं कशाला? घडवलेली वस्तू बोलते आणि राजाची लायकी काढते. आंबोली घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जा, तिथे ठाकर मंडळी चित्रकथीची पोथी लावून कथा सांगतात आणि कळसूत्री बाहुल्याही नाचवतात; चित्रांतून गोष्ट आणि हलणारा पुतळा, दोन्ही एकाच घरात. (यावरून आपल्याकडे पूर्वी रोबो होते असा नवा मेसेज कृपया काढू नका. गोष्टी होत्या, एवढंच म्हणतोय.)

तिसऱ्या मुद्द्यातलं थोडं मान्य. पानं भरायला आणलेले डबे-रोबो मीही पुष्कळ वाचलेत. दोन पानांत उलटायचे, तिसऱ्या पानावर नायकानं वायर उपटायची. पण ‘सगळ्या गोष्टी एकसारख्या’ असं म्हणणाऱ्यानं ‘मेटल मेन’ पाहिलेलं नाही. १९६२ साली रॉबर्ट कॅनिघर आणि रॉस अँड्रू यांनी आणलेली ही सहा रोबोंची टोळी: सोनं, लोखंड, शिसं, पारा, कथील, प्लॅटिनम. प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या धातूवरून काढलेला. शिसं जड, म्हणून मंद डोक्याचा, पण किरणोत्सर्गापुढे ढाल होऊन उभा राहणारा. पारा भडक डोक्याचा. कथील बिचारा दुबळा, सतत स्वतःवर शंका घेणारा, बोलताना अडखळणारा, आणि वेळ आली की सगळ्यांत आधी पुढे होणारा. बेळगावच्या भट्टीवर काम केलेल्या कुणालाही विचारा, आम्हीसुद्धा धातूंबद्दल असंच बोलतो. ‘हे बीड (म्हणजे ओतीव लोखंड) लई कडक आहे, ऐकत नाही.’ ‘ॲल्युमिनियम गरीब.’ कॅनिघरनं आळस केला नाही, ओतकाम करणाऱ्याच्या तोंडची भाषा त्यानं कागदावर उभी केली. त्यातली प्लॅटिनम तिच्या निर्मात्याच्या प्रेमात असते आणि तो दर वेळी ठणकावतो, तुझ्यात बिघाड आहे. वाचकाला मात्र बिघाड कुणात आहे ते दिसत असतं.

दुसरं उदाहरण जपानचं. ओसामु तेझुका, शिक्षणानं डॉक्टर. त्यांचा ‘आटोमु’, जगभर ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून गाजलेला, १९५२पासून मासिकात चालला. गोष्टीची सुरुवातच क्रूर आहे. डॉक्टर तेन्मांचा मुलगा अपघातात जातो, ते त्याच्यासारखा रोबो बनवतात, आणि काही दिवसांनी लक्षात येतं की हा वाढत नाही. उंची तेवढीच. मग पोराला सर्कशीला विकून टाकतात. पुढे वर्षानुवर्षं हा मुलगा माणसांना वाचवत राहतो आणि माणसं त्याला रांगेत मागे उभं करत राहतात. तेझुकांनी स्वतःचा एक अनुभव सांगितलेला आहे: युद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना रस्त्यात अमेरिकन सैनिकांनी काहीतरी विचारलं, यांना भाषा नीट कळली नाही, तर ठोसा खावा लागला. भाषा कळली नाही म्हणून मार खाल्लेल्या माणसाला रोबोचं दुःख कुठून सुचलं असेल, हे सीमाभागात फोड करून सांगायला नको.

आणि रडण्याबद्दल बोलायचं तर १९६८च्या ‘ॲव्हेंजर्स’ कॉमिक्समधला कृत्रिम माणूस, व्हिजन. रॉय थॉमस लेखक, जॉन बुसेमा चित्रकार. ५८व्या अंकात मंडळी त्याला आपल्यात घेतात, तो आभार मानून बाजूला जातो आणि एकटा असताना त्याच्या डोळ्यात पाणी येतं. सगळ्यांसमोर नाही. त्या चित्रात यंत्र कमी आहे. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी संडासात जाऊन डोळे पुसलेला माणूस जास्त आहे.

आता पाचवा. कॉमिक्समुळे पोरं यंत्राला मित्र मानतात म्हणे. माझी पुतणी डोरेमॉन बघते. उंदराला घाबरणारं ते निळं रोबो-मांजर १९६९पासूनचं, आमच्या घरात ते हिंदी बोलतं. मी विचारलं, डोरेमॉन खरा आहे का गं? ती म्हणाली, “काका, काय पण विचारतोस! कार्टून आहे की ते.”

फसतात ती मोठी माणसं, आणि त्यांना कॉमिक्स लागत नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म दाखवली: दोन त्रिकोण, एक वर्तुळ, इकडून तिकडे सरकणारे. काय दिसलं विचारल्यावर पहिल्या गटातल्या ३४ जणींपैकी एकीनंच आकारांचं वर्णन केलं. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट दिसला, वर्तुळ घाबरलेलं दिसलं. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउमनं ‘एलायझा’ हा संगणकावर गप्पा मारणारा प्रोग्रॅम केला. तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, दुसरं काही नाही. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं हे काम महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिलेलं. तरी चार वाक्यं टाइप केल्यावर ती त्याला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? ज्या टाइपरायटरवर हे चाललं होतं त्यावर चेहरा नव्हता, रंग नव्हता, चित्र नव्हतं.

लांब कशाला? खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं, कोहळा फुटतो. रोबोच्या कोपरात झेंडूचा हार घातला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पॉवर देण्याआधी तो काढायचा हे फळ्यावर लिहून ठेवावं लागतं. बेंदराला बैल नसलेल्या घरी ट्रॅक्टर धुऊन ओवाळतात. यातल्या कुणी ‘ॲव्हेंजर्स’ वाचलेलं नाही.

उलट कॉमिक्स याबाबतीत जास्त प्रामाणिक. माणूस बोलला की संवादाचा गोल फुगा. रोबो बोलला की बहुतेक वेळा चौकोनी, नाहीतर नागमोडी कडांचा, अक्षरंही वेगळ्या वळणाची. पोराला वाचता येण्याआधी कळतं, हे कोण बोलतंय. मोबाइलमधला चॅटबॉट ‘मला समजतंय तुम्हाला किती वाईट वाटत असेल’ म्हणतो तेव्हा ती अक्षरं मावशीच्या मेसेजसारखीच दिसतात. तेच वळण, तीच गोल कोपरे असलेली चौकट. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच काळजी असेल तर त्यानं या चौकटीविषयी लिहावं.

ग्रुपवर मी यातलं काही टाकलं नाही. तिथे एवढंच लिहिलं: “सर, चौथा मुद्दा कृपया काढून टाका. आपल्याच शाळेची तीन पोरं माझ्याकडे जाळीच्या आत जातात.” रात्री उशिरा सरांचं उत्तर आलं, फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड. सकाळी पाहिलं तर मूळ मेसेज त्यांनी डिलीट केला होता. निपाणीचा अजून आहे.