पेट्रोल चढत नाही आणि दोष मात्र कार्बोरेटरचा!

चेनसॉ, म्हणजे झाडे कापायची पेट्रोलवरची करवत, सुरू होत नाही म्हटले की दुरुस्तीवाल्यांचे उत्तर ठरलेले असते: "कार्बोरेटर गेला, नवा टाका." अहो, पण पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा हा भाग बदलण्याआधी ठिणगी पाडणारा प्लग तरी काढून पाहिलात का? दोरी वारंवार ओढूनही प्लग कोरडाच निघत असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही एवढेच सिद्ध होते. ते नेमके कुठे अडले आहे, हे कोणी शोधायचे?

टाकीत तारेचा आकडा घालून नळीच्या टोकाचा फिल्टर बाहेर काढायला असा किती वेळ लागतो? ऐन पावसाळ्यात आमच्या वाटेवर फणस आडवा पडला होता आणि यंत्र दुकानात नव्या कार्बोरेटरसाठी अडकून होते. शेवटी घरी आणून पाहिले, तर भुसा आणि चिकट गाळ यांनी फिल्टर काळाकुट्ट झाला होता, आणि टाकीच्या भोकाशी नळी जिथे वाकते तिथे ती दाबताच चीर उघडली. त्या चिरेतून हवा ओढली जात असताना नवा कार्बोरेटर काय करणार होता? टाकीत हवा येण्याची वाट बुजली तरी इंजिन थोडे चालून बंद पडते; झाकण सैल करून पाहिले की लगेच कळते, पण तेवढेही कोणी करत नाही.

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल! ओलावा धरणारे हे पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहिले की रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा खराब होतो, हे यंत्र विकतानाच सांगायला नको? नुसता पडदा बदलून काम भागत असताना गिऱ्हाइकाच्या माथी अख्खा कार्बोरेटर का मारता?