लसणाच्या लाडवाने गोचीड जात नाहीत, मावशी

यावलहून मावशीचा फोन आला तो आनंदाचा होता. मोतीसाठी घरीच खाऊ केलाय म्हणे, डबाभर. मोती म्हणजे तिचा 12 किलोंचा गावठी कुत्रा. रविवारी गेले तर ओट्यावर स्टीलचा डबा, आणि झाकण उघडताच तूप-लसणाचा भपकारा. खाली मोती बसलेला, तोंडातून लाळेची तार फरशीपर्यंत. कानामागे गोचीड, रक्त पिऊन एरंडीच्या बियांसारखे टम्म फुगलेले.

कृती अर्थातच आमच्या फॅमिली ग्रुपवरून आलेली. ‘दुकानातली बिस्किटे विष आहेत, घरीच करा आयुर्वेदिक खाऊ’ असं वर ठळक अक्षरात आणि खाली हात जोडलेली चित्रं. म्हणणं असं: लसणाने गोचीड आणि जंत दोन्ही जातात, रोज दोन लाडू, 21 दिवस. गोडीला साखरेऐवजी बेदाणे घाला. कॅल्शियमसाठी कुकरमध्ये शिजवलेली हाडं द्या. मांजराला दूध-पोळीवर वाढवा, त्याला मांस लागतच नाही. आणि शेवटी, माणसाला जे पचतं ते मुक्या जिवालाही पचतं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “आयुर्वेदिक शे ते, काही व्हत नही.”

होतं, मावशी. लसूण आणि कांदा एकाच कुळातले. त्यांच्यातले गंधकाचे घटक कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, पेशी फुटायला लागतात आणि जनावराच्या अंगातलं रक्त कमी होतं. शिजवून, वाळवून, तुपात परतून हा दोष जात नाही. मांजर तर याबाबतीत कुत्र्याहूनही नाजूक. कांद्याचं बाधणारं प्रमाण सांगतात ते कुत्र्याला किलोमागे 15 ते 30 ग्रॅम, मांजराला अवघं 5 ग्रॅम. म्हणजे 4 किलोंच्या मांजराला 20 ग्रॅम कांदा पुरतो, आपल्या मुठीतल्या कांद्याची एक फोड. लसूण तर कांद्याहून तीव्र.

आता या मेसेजवाल्यांच्या हातात एक अर्धसत्य आहे, ते मीच सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी तोंडावर फेकेल. 2000 साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांना 7 दिवस लसणाचा अर्क पाजला, किलोमागे रोज 5 ग्रॅम लसणाइतका. एकाही कुत्र्याला पेशी फुटून होणारा पंडुरोग झाला नाही. बरोबर. पण त्याच कुत्र्यांच्या तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन घटलं, पेशींचा आकार बिघडला, आणि कुत्र्यांना लसूण असलेलं खाणं देऊ नये असाच निष्कर्ष त्यांनी काढला.

मी मावशीच्याच स्वयंपाकघरात हिशोब केला. एका लाडवात चार पाकळ्या, दिवसाला आठ. काट्यावर ठेवल्या तर 18 ग्रॅम भरल्या. 21 दिवसांचे 378 ग्रॅम. 12 किलोंच्या मोतीला किलोमागे 31 ग्रॅमच्या वर. जपानी कुत्र्यांना आठवड्यात मिळाला 35. तीन आठवड्यांत विभागून दिलं तर तोच परिणाम होईल असं मी म्हणत नाही. पण पाव किलोच्या वर लसूण एका कुत्र्याच्या पोटात घालायचा, तोही औषध म्हणून?

आणि कशावरचं औषध, तर गोचीडांवरचं! मला सगळ्यात चीड याचीच आली. गोचीड मुळात रक्त पिऊनच जगतात. शिवाय त्यांच्या चाव्यातून बबेसियासारखे रोग येतात, तेही तांबड्या पेशीच फोडतात. म्हणजे वरून गोचीड रक्त पिणार, आतून तो रोग पेशी फोडणार, आणि आपण लाडू भरवून त्यात भर घालणार. हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली, दोन पावलं चालून धाप लागली की लोक म्हणतात उन्हाने झालं. त्रास कधीकधी चार-पाच दिवसांनी दिसतो, तोवर लाडू कुणाच्या लक्षातही नसतो.

यावर खान्देशातलं हुकमी उत्तर मला पाठ आहे: आमच्या शेतातला कुत्रा दर हिवाळ्यात भरीत खायचा, बारा वर्षं जगला. जगला असेल. त्याला भरीत पार्टीच्या पत्रावळीवरची कांद्याची पात नि लसूण वर्षातून दोनदा चाटायला मिळायची, रोज आठ पाकळ्या नाही. आणि जे लवकर गेले त्यांचं रक्त कुणी तपासलं होतं?

बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर ते सांगता येत नाही. 2021 पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा गोळाही उंचावर ठेवा. बेदाणे खाल्ले असतील तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

शिजलेल्या हाडाच्या सुईसारख्या चिरफळ्या होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. पुढे.

मांजर शाकाहारी होत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच येतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो हे 1975 मध्ये, आणि हृदय ढिलं पडतं हे 1987 मध्येच सिद्ध झालंय. दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या मांजरांना त्यातली साखर पचत नाही, हगवण लागते. मावशीच्या मनीने लाडू हुंगलाही नाही, ती घरात सगळ्यांत शहाणी.

बरं, पाकिटं महाग आहेत हे मला मान्य. घरचा खाऊ वाईट नाही. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या चिकनचे तुकडे दोघांनाही चालतात. कुत्र्याला उकडलेलं रताळं, दादर ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा, केळ्याच्या चकत्या. रावेर-यावलात राहून केळं विकत घ्यायची वेळ तरी येते का? फक्त खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहाव्या हिश्श्यात बसवायचा. मोतीला तो 70 कॅलरीच्या आसपास, अर्धं केळं झालं की संपत आला. तूप-गुळाचा एक लाडू त्याहून जड.

मोतीने दोनच लाडू खाल्ले होते. बेदाण्यांमुळे त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून आणलं, गोचीडांच्या गोळ्याही वजन करून तिथूनच घेतल्या. संध्याकाळी मी चिमटा घेऊन अंगणात बसले, मावशी बॅटरी धरून. एकेक गोचीड कातडीलगत पकडून सरळ ओढायचा आणि स्पिरिटच्या वाटीत टाकायचा. डाव्या कानामागून सतरा निघाले. उजव्या कानाला मोतीने हात लावू दिला नाही.